मेंदूभर ग्लुटामेट, मग त्यावरची औषधं इतकी मोजकी का?

प्रश्न असा आहे: फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात ग्लुटामेट हा मेंदूतला मुख्य उत्तेजक संदेशवाहक म्हणून सांगितलेला असतो. त्याच्या रिसेप्टरांच्या, म्हणजे त्याला पकडून पेशीत प्रतिसाद सुरू करणाऱ्या प्रथिनांच्या, नावांनी दोन-तीन पानं भरतात. औषधांच्या रकान्यात मात्र केटामाइन, मेमँटिन, पेरँपॅनेल एवढ्यावर यादी जवळजवळ संपते. डोपामिन आणि सेरोटोनिनवर कपाटभर औषधं आहेत, मग इथेच दुष्काळ का? आणि औषधशोधात करिअर करणाऱ्याने या विषयात उतरावं का?

माझी बरीचशी नोकरी या रिसेप्टरांमधून वाहणारा विद्युतप्रवाह मोजण्यात गेली आहे, त्यातही मोठा काळ औषध शोधणाऱ्या गटांबरोबर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मुद्द्याची गोष्ट. माणसाच्या मेंदूत डोपामिन सोडणाऱ्या पेशी काही लाख आहेत. ग्लुटामेट सोडणाऱ्या पेशी अब्जावधी आहेत. कॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, दहापैकी साधारण आठ चेतापेशी एकमेकींशी ग्लुटामेटनेच बोलतात. दिसणं, ऐकणं, हात उचलणं, नाव आठवणं, श्वासाची लय, सगळं त्यावर चालतं. त्यामुळे इथला रिसेप्टर सरसकट बंद केला की आजाराबरोबर माणसाची शुद्धही जाते. औषध कंपन्यांनी पहिली वीस-पंचवीस वर्षं रिसेप्टर किती घट्ट बंद होतो हेच पाहिलं, आणि त्याची किंमत मोजली. जी थोडी औषधं टिकली, ती केव्हा, किती वेळ आणि मेंदूच्या कोणत्या भागात अडवायचं याचं काहीतरी उत्तर सापडल्यामुळे टिकली.

ग्लुटामेट हा संदेशवाहक आहे हे मान्य व्हायलाच फार वेळ लागला. १८६६ मध्ये रिटहाउझेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो गव्हाच्या ग्लुटेनमधून वेगळा केला, १९०८ मध्ये जपानमध्ये किकुनाए इकेदांनी कोंबू या समुद्री वनस्पतीच्या चवीचं मूळ तोच असल्याचं दाखवलं. मेंदूवर त्याचा परिणाम पहिल्यांदा दाखवला तो ताकाशी हायाशींनी, १९५०च्या दशकात: ग्लुटामेट थेट कॉर्टेक्सवर टाकलं की झटके येतात. त्याच दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे डेव्हिड कर्टिस, जॉन फिलिस आणि जेफ्री वॉटकिन्स यांनी मज्जारज्जूतल्या एकेका पेशीवर ग्लुटामेटचा थेंब सोडून पाहिला. प्रत्येक पेशी पेटली. आणि नेमक्या याच कारणासाठी त्यांनी तेव्हा निष्कर्ष काढला की हा खरा संदेशवाहक नसावा. जो पदार्थ सगळीकडेच उत्तेजना देतो तो विशिष्ट निरोप कसा पोहोचवणार? त्या काळाच्या ज्ञानानुसार हा तर्क अगदी रास्त होता. वॉटकिन्सनी मात्र विषय सोडला नाही. ग्लुटामेटसारखे दिसणारे रेणू ते बनवत राहिले, त्यातूनच एनएमडीए हा रेणू या क्षेत्राच्या हाती आला, आणि पुढे ब्रिस्टलमध्ये त्यांच्या गटाने त्याला अडवणारा एपी-५ दिला. आज आपण ज्या रिसेप्टरांना एनएमडीए, अँपा आणि कायनेट म्हणतो, ती नावं त्यांना चालू करणाऱ्या अशा प्रयोगशाळेतल्या चाव्यांची आहेत. मेंदूत तिन्ही चालू करतो तो ग्लुटामेटच.

काही आकडे डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. चेतापेशीच्या आत ग्लुटामेट काही मिलिमोलर असतं (मिलिमोलर हे द्रवातल्या प्रमाणाचं एकक, मायक्रोमोलर त्याचा हजारावा भाग), ज्या पुटिकांमधून ते सोडलं जातं त्यांत सुमारे १०० मिलिमोलर. पेशींच्या बाहेरच्या द्रवात मात्र ते मायक्रोमोलर किंवा त्याहूनही कमी. म्हणजे आत-बाहेर हजारो पटींचा फरक. सायनॅप्सच्या, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडणीच्या, फटीत ते क्षणभर एक मिलिमोलरच्या आसपास चढतं आणि मिलिसेकंदाभरात उतरतं, कारण शेजारच्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींवरचे वाहक ते भराभर उचलून घेतात. हे उचलण्याचं काम सोडियमच्या उतारावर चालतं, तो उतार टिकवायला एटीपी हे पेशीचं इंधन लागतं, आणि एटीपीला रक्तातून ऑक्सिजन आणि ग्लुकोज. रक्त थांबलं की ही साफसफाई थांबते, उलट वाहू लागते, आणि आतलं ग्लुटामेट बाहेर सांडतं. पक्षाघाताची रसायनी सुरुवात इथे आहे.

(अजिनोमोटोबद्दल, म्हणजे चवीसाठी घालतात त्या सोडियम ग्लुटामेटबद्दल, नेहमी विचारतात. जेवणातलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात, आणि उरलेल्याला रक्त-मेंदू अडथळा आत सोडत नाही. ताटातल्या ग्लुटामेटचा सायनॅप्समधल्या ग्लुटामेटशी संबंध जोडू नका.)

आता रिसेप्टर. अँपा रिसेप्टर हा रोजचा कामकरी: एक मिलिसेकंदही न घेता उघडतो, सोडियम आत सोडतो, काही मिलिसेकंदांत मिटतो. कायनेट रिसेप्टर त्याचा जवळचा नातेवाईक आहे. त्याचं काम अधिक सूक्ष्म, आणि औषधांसाठी अजूनही कमी वापरलं गेलेलं. याशिवाय एमग्लू नावाचे आठ रिसेप्टर आहेत, ज्यांच्यात छिद्र नसतं. ते पेशीच्या आतल्या जी-प्रथिनांमार्फत सायनॅप्सचा आवाज कमी-जास्त करतात. १९८९ ते १९९१ या काळात अमेरिकेत साल्क संस्थेतल्या हाइनमान यांच्या गटाने आणि जपानमध्ये क्योतोच्या नाकानिशी यांच्या गटाने यांची पहिली जनुकं एकामागोमाग एक शोधून काढली, आणि तिथून औषधशोधाला खरा वेग आला.

या सगळ्यांत एनएमडीए रिसेप्टरावर मी जास्त वेळ देणार आहे, कारण त्याची रचनाच विलक्षण आहे. त्याला उघडायला ग्लुटामेट पुरत नाही, दुसऱ्या जागी ग्लायसिन किंवा डी-सेरीन बसलेलं लागतं. हे १९८७ मध्ये जॉन्सन आणि अ‍ॅशर यांनी दाखवलं. तेवढ्यानेही भागत नाही. पेशी शांत असते तेव्हा मॅग्नेशियमचा आयन त्याच्या छिद्रात बाटलीच्या बुचासारखा अडकलेला असतो. पेशी आधीच दुसऱ्या कुणामुळे उत्तेजित झाली असेल, तरच विद्युतदाब बदलून ते बूच बाहेर ढकललं जातं. हा शोध १९८४चा, पॅरिस आणि अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतल्या दोन गटांचा. म्हणजे हा रिसेप्टर एकाच वेळी दोन प्रश्न विचारतो: निरोप आला का, आणि निरोप येताना घेणारी पेशी जागी होती का? दोन्हींना होकार मिळाला की कॅल्शियम आत येतं आणि तो सायनॅप्स मजबूत होतो. सायनॅप्स असा दीर्घकाळ मजबूत होतो हे ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात पाहिलं होतं. १९८३ मध्ये कॉलिंग्रिज आणि सहकाऱ्यांनी एपी-५ टाकून दाखवलं की एनएमडीए रिसेप्टर अडवला की हे मजबूत होणंच थांबतं, साधा निरोप मात्र जात राहतो. शिकण्याच्या जीवशास्त्रात मला यापेक्षा सुंदर प्रयोग माहीत नाही. एकाच सायनॅप्सवर निरोप पोहोचणं आणि निरोप लक्षात राहणं या दोन गोष्टी एका रेणूने वेगळ्या करून दाखवल्या.

हाच कॅल्शियम प्रमाणाबाहेर आत आला की पेशी मरते. १९५७ मध्ये ल्यूकस आणि न्यूहाउस यांना ग्लुटामेट दिलेल्या उंदरांच्या पिल्लांच्या डोळ्यातल्या पडद्याचे आतले थर नष्ट झालेले दिसले. १९६९ मध्ये जॉन ओल्नी यांनी मेंदूतही तेच दाखवलं; उत्तेजनेनेच होणाऱ्या या विषबाधेला पुढे एक्सायटोटॉक्सिसिटी हे नाव त्यांनीच दिलं. उंदरांचं राहू द्या, माणसांतला धडा १९८७ मध्ये कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडजवळच्या शिंपल्यांनी दिला. ते खाऊन शंभरावर माणसं आजारी पडली, तीन दगावली, आणि वाचलेल्यांपैकी काहींना नवी गोष्ट लक्षातच राहीना. विष होतं डोमॉइक अ‍ॅसिड, एका सूक्ष्म शेवाळात तयार होणारं, कायनेट आणि अँपा रिसेप्टरांना चालू ठेवणारं. शवविच्छेदनात हिप्पोकॅम्पसच्या पेशी गेलेल्या दिसल्या. ज्यांचं वय जास्त होतं किंवा मूत्रपिंड कमजोर होतं त्यांना सर्वांत जास्त फटका बसला, कारण ते विष बाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडाचं.

आपल्या घराजवळचं उदाहरण याहून जुनं आहे आणि ते प्रत्येक मराठी औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-गडचिरोली पट्ट्यात, धानाच्या बांधीतल्या उरलेल्या ओलीवर लाखोळी टाकतात. पाणी नाही, खत नाही, तरी उगवते. दुष्काळात बाकी सगळं वाळतं तेव्हा हीच डाळ उरते. अडचण तिथेच आहे: इतर धान्य नसताना महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून ती खाल्ली तर काहींचे पाय ताठरतात, गुडघे वाकलेले राहतात, चवड्यांवर चालावं लागतं, आणि ते परत येत नाही. या लॅथिरिझमला कारण असलेला रेणू, ओडॅप, १९६४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सरमा यांनी लाखोळीच्या बियांतून वेगळा केला. नंतर कळलं की तो अँपा रिसेप्टर चालू करतो. १९६१ मध्ये केंद्राने या डाळीच्या विक्रीवर बंदी आणली, तरी पीक काही गेलं नाही. पुढे रतन, प्रतीक यांसारखे ओडॅप कमी असलेले वाण आले. भिजवून, उकळून पाणी टाकून दिलं की विषाचं प्रमाण बरंच उतरतं, आणि मिश्र आहारात अधूनमधून खाणाऱ्याला हा आजार होत नाही. मी हे इतकं सांगतोय कारण यात मात्रा आणि कालावधीचा पूर्ण धडा आहे. एकच रिसेप्टर, एकच रेणू. एका वाटीने काही होत नाही, तीन महिन्यांच्या उपासमारीतल्या जेवणाने पाय जातात.

आता औषधांकडे. १९८०च्या दशकात चित्र स्वच्छ वाटत होतं: पक्षाघातात ग्लुटामेट सांडतं, एनएमडीए रिसेप्टरातून कॅल्शियम घुसतं, पेशी मरतात, तेव्हा रिसेप्टर अडवा. मर्क कंपनीचा एमके-८०१ हा रेणू उंदरांमध्ये मेंदू वाचवताना दिसला. माणसात तो जाऊ शकला नाही. १९८९ मध्ये ओल्नींनीच दाखवलं की या जातीची औषधं उंदरांच्या कॉर्टेक्समधल्या ठरावीक पेशींना इजा करतात, आणि भ्रम निर्माण करण्याची त्यांची क्षमता आधीच काळजीची होती. त्यानंतर सेल्फोटेल आलं, ते ग्लुटामेटच्या जागी बसतं. अ‍ॅप्टिगॅनेल छिद्रात बसतं. गॅव्हेस्टिनेल ग्लायसिनच्या जागी बसतं. तीन वेगळ्या जागा, तीन वेगळ्या कंपन्या, हजारो रुग्ण, आणि २००१ पर्यंत तिन्ही संपले. फायदा शून्य, काहींत तोटा.

का, यावर खूप लिहिलं गेलंय. माझं मत स्पष्ट आहे. पहिलं कारण घड्याळ. उंदरात औषध रक्तवाहिनी बंद करण्याआधी किंवा नंतर थोड्या वेळात दिलं जात होतं. रुग्णांना ते लक्षणं सुरू झाल्यापासून सहा तासांपर्यंत दिलं गेलं. ग्लुटामेटची लाट त्याआधीच येऊन ओसरलेली असते. दुसरं कारण मात्रा. उंदराला वाचवणाऱ्या मात्रेपर्यंत माणसात पोहोचताच भ्रम, गुंगी आणि रक्तदाबाचे बदल सुरू होत, म्हणून मात्रा खाली ठेवावी लागली. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि ते तेव्हा कुणाला माहीत नव्हतं: २००२ मध्ये हार्डिंगहॅम आणि बाडिंग यांनी दाखवलं की सायनॅप्सच्या आतला एनएमडीए रिसेप्टर पेशीला जगण्याचे संदेश देतो, आणि सायनॅप्सबाहेरचा मरणाचे. सगळेच अडवले तर लाट ओसरल्यावर जगू पाहणाऱ्या पेशीचा आधारही काढून घेतला जातो.

घड्याळाचा प्रश्न सोडवायचा एक धाडसी प्रयत्न लॉस एंजेलिस भागात झाला. फास्ट-मॅग चाचणीत रुग्णवाहिकेतच, लक्षणांपासून दोन तासांच्या आत, १७०० रुग्णांना मॅग्नेशियम (एनएमडीएचं ते नैसर्गिक बूच) किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला द्राव, देण्यात आलं. २०१५ मध्ये निकाल आला: औषध सुरक्षित, फायदा नाही. रक्तातलं मॅग्नेशियम मेंदूत सावकाश शिरतं, हे त्यामागचं एक सरळ कारण. तरीही ही चाचणी मी विद्यार्थ्यांना वाचायला लावतो, कारण एवढ्या लवकर औषध पोहोचवता येतं हे तिने सिद्ध केलं.

मेमँटिनची गोष्ट याच्या बरोबर उलट दिशेने जाते. हा रेणू १९६०च्या दशकात मधुमेहासाठी बनवला होता. त्याचा तिथे उपयोग झाला नाही. पुढे कळलं की तो एनएमडीए रिसेप्टराच्या छिद्रात बसतो. पॅच क्लॅम्पवर, म्हणजे पेशीतला विद्युतप्रवाह मोजण्याच्या तंत्रात, एमके-८०१ आणि मेमँटिन शेजारीशेजारी तपासले की फरक डोळ्यांनी दिसतो. एमके-८०१ टाका, प्रवाह खाली जातो, औषध धुऊन काढा आणि वाट पाहत बसा. चहा पिऊन आलात तरी तो परत येत नाही. मेमँटिन धुतलं की काही सेकंदांत प्रवाह वर चढू लागतो. ज्याची पकड सैल, ते औषध जुन्या मोजमापात कमकुवत ठरतं. इथे त्या सैल पकडीमुळेच सायनॅप्सच्या नेहमीच्या क्षणिक उघडझापीला ते कमी आड येतं आणि सतत रेंगाळणाऱ्या उत्तेजनेला जास्त. २००२ मध्ये युरोपात, २००३ मध्ये अमेरिकेत ते मध्यम ते तीव्र अल्झायमरसाठी मान्य झालं. फायदा माफक आहे हे नातेवाइकांना स्पष्ट सांगावं. आजार थांबत नाही, काही रुग्णांत काही काळ रोजचे व्यवहार जरा सावरतात. पण पकड किती घट्ट यापेक्षा ती किती लवकर सुटते हे औषधाचा गुण ठरवू शकतं, हे या क्षेत्राला मेमँटिनने शिकवलं.

मग केटामाइन. तेही त्याच छिद्रात बसतं, पकडही मेमँटिनच्या आसपासचीच. १९६२ मध्ये तयार झालं, १९७० मध्ये भुलीसाठी मान्य झालं, आणि रक्तदाब व श्वास सांभाळून भूल देत असल्यामुळे आपल्याकडच्या तालुक्याच्या रुग्णालयांतल्या भूलतज्ज्ञांचा त्यावर आजही भरवसा आहे. ते एनएमडीए रिसेप्टर अडवतं हे डेव्हिड लॉज यांच्या गटाने १९८३ मध्ये दाखवलं. २००० मध्ये येल विद्यापीठातल्या गटाने अगदी मोजक्या रुग्णांवरच्या अभ्यासात सांगितलं की भुलीपेक्षा खूप कमी मात्रेत, प्रति किलो अर्धा मिलिग्रॅम, चाळीस मिनिटांत शिरेतून दिलं तर नैराश्य काही तासांत हलकं होतं. नेहमीच्या गोळ्यांना आठवडे लागतात. २००६ मध्ये झाराते यांच्या चाचणीने ते पक्कं केलं, आणि २०१९ मध्ये एस्केटामाइनचा नाकातला फवारा अमेरिकेत मान्य झाला, दवाखान्यात बसून घेण्याच्या आणि नंतर दोन तास देखरेखीखाली राहण्याच्या अटीवर.

इथे विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. मेमँटिन नैराश्यात चाललं नाही, केटामाइन चाललं, जागा तीच. फरक कुठून आला? प्राण्यांमधल्या प्रयोगांत केटामाइनचा परिणाम अँपा रिसेप्टर अडवला की नाहीसा होतो. म्हणजे एनएमडीए अडवणं ही सुरुवात झाली. पुढे कुठेतरी ग्लुटामेटचा जोर वाढतो, अँपामार्फत नवे सायनॅप्स बांधले जातात, असं एक स्पष्टीकरण आहे. दुसरं म्हणतं की शरीरात तयार होणारा त्याचा एक घटक रिसेप्टर न अडवताच काम करतो. तिसरं मेंदूच्या हॅबेन्युला या छोट्याशा भागाकडे बोट दाखवतं. मला पहिल्याचा पुरावा जास्त भक्कम वाटतो, पण एकच रेणू या तिन्ही वाटांनी थोडाथोडा जात असेल हेही पूर्ण शक्य आहे. एवढं खरं की चाळीस मिनिटांच्या अडवणुकीचा परिणाम सुमारे आठवडाभर टिकतो. रिसेप्टर सतत बंद ठेवण्याची इथे गरजच नाही, आणि दीर्घकाळ नशेसाठी घेणाऱ्यांच्या मूत्राशयाची जी वाट लागते ती पाहता, ते सतत घेणं धोक्याचंही आहे.

केटामाइनचा दुसरा चेहरा म्हणजे निरोगी माणसातही ते काही काळ स्किझोफ्रेनियासारखी लक्षणं आणतं. त्यावरून एनएमडीएचं काम कमी पडणं हे त्या आजाराचं एक मूळ असावं अशी कल्पना पुढे आली, आणि कंपन्यांनी ते काम वाढवायचे किंवा त्याचे पुढचे परिणाम आवरायचे मार्ग शोधले. लिली कंपनीचं पोमाग्लुमेटॅड एमग्लू-२ आणि ३ या रिसेप्टरांवर काम करून ग्लुटामेटचं अतिरिक्त सुटणं कमी करतं. २००७ मधला पहिला निकाल पाहून आम्ही सगळेच हरखलो होतो, २०१२ मध्ये ते बंद पडलं. ग्लायसिन वाढवणारं रॉशचं बायटोपर्टिन २०१४ मध्ये गेलं, त्याच वाटेवरचं आयक्लेपर्टिन २०२५ मध्ये. फ्रॅजाइल एक्स या जन्मजात बौद्धिक अपंगत्वासाठी एमग्लू-५ अडवणारं मॅव्होग्लुरँट उंदरात छान चाललं, माणसात नाही. या यादीवर मी फार रेंगाळत नाही. स्किझोफ्रेनिया हा एकच आजार नाही, त्यामुळे सगळ्या रुग्णांना एका औषधाखाली घेतलं की थोड्यांना झालेला फायदा सरासरीत बुडतो, असं मला वाटतं. आणि वाढीच्या वयात चुकलेली जोडणी प्रौढपणी काही आठवड्यांच्या गोळ्यांनी पालटेल ही अपेक्षाच जास्त होती.

अपस्माराच्या बाजूला मात्र खरं यश आहे. अँपा रिसेप्टर अडवायचा म्हणजे मेंदूचं रोजचं बोलणंच अडवायचं, म्हणून अनेकांनी ती वाट सोडली होती. एसाय या जपानी कंपनीने सोडली नाही. त्यांचं पेरँपॅनेल २०१२ मध्ये मान्य झालं. ते ग्लुटामेटच्या जागी बसत नाही. छिद्राजवळच्या दुसऱ्याच खाचेत बसतं. त्यामुळे झटक्याच्या वेळी ग्लुटामेटचा पूर आला तरी औषध जागेवरून हलत नाही. रात्री एकदा घ्यायची गोळी, शरीरात शंभरएक तास अर्ध्यावर येत नाही. चक्कर, पडणं, आणि काही रुग्णांत चिडखोरपणा किंवा आक्रमकता येते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर 'याचा स्वभावच बदलला' म्हणत महिने निघून जातात.

याच्या पुढची पायरी मला आज सगळ्यांत आशादायक वाटते. अँपा रिसेप्टर एकटा नसतो, त्याला टार्प नावाची सोबती प्रथिनं चिकटलेली असतात, आणि मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत सोबती वेगळे. गॅमा-८ हा प्रकार हिप्पोकॅम्पसमध्ये भरपूर असतो, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत जवळजवळ नाही. मग गॅमा-८ सोबत असेल तेव्हाच बसणारा रेणू बनवला तर? झटके ज्या भागात वारंवार उगम पावतात तिथे अडवणूक, आणि चक्कर ज्या भागामुळे येते तिथे मोकळीक. २०१६ च्या सुमारास लिली आणि जॅन्सेन यांनी असे रेणू जाहीर केले, आणि आता त्या जातीचं औषध अपस्माराच्या रुग्णांपर्यंत पोहोचून चाचण्यांत आहे. 'कुठे' या प्रश्नाचं उत्तर इतक्या स्वच्छपणे रसायनात उतरलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

एका आजाराबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. २००७ मध्ये जोसेप डालमाउ यांनी अशा तरुण स्त्रियांचं वर्णन केलं ज्यांच्या शरीरातली प्रतिपिंडं त्यांच्याच एनएमडीए रिसेप्टरांना धरून पेशीच्या आत ओढून नेतात. अनेकींच्या अंडाशयात टेराटोमा ही गाठ होती. आधी ताप किंवा डोकेदुखी, मग काही दिवसांत झोप उडणं, भास, असंबद्ध बोलणं, मग झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली, शेवटी हालचाल आणि बोलणंच थांबणं. घरचे आधी मानसिक आजार समजतात, काही ठिकाणी बाहेरची बाधा समजून भगताकडे नेतात, आणि तिथे आठवडे जातात. हा आजार बरा होणारा आहे. गाठ काढणं, स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणं, गरजेनुसार रिटुक्सिमॅब; मोठ्या अभ्यासात दोन वर्षांपर्यंत दहापैकी सुमारे आठ रुग्ण चांगल्या स्थितीत आले होते. आधी धडधाकट असलेली मुलगी काही दिवसांत अशी बदलली तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा आणि पाठीतल्या पाण्याची एनएमडीए प्रतिपिंडांसाठी तपासणी होऊ शकते का ते विचारा. औषधशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिलं तर हे रिसेप्टर कमी झाल्यावर माणसाचं काय होतं याचं सर्वांत अचूक चित्र आहे, आणि रिसेप्टर परत आले की माणूस परत येतो याचा पुरावाही.

राहिला दुसरा प्रश्न, उतरावं का. हो, आणि विद्युतप्रवाह मोजायला शिकून उतरा. आता रिसेप्टरांच्या त्रिमितीय रचना हाताशी आहेत. २००९ मध्ये एरिक गूओ यांच्या गटाने अँपा रिसेप्टराची पूर्ण रचना दाखवली तेव्हापासून संगणकावर रेणू बसवणारे पुष्कळ झाले. रेणू बसला की रिसेप्टर किती मिलिसेकंद उघडा राहतो, कोणत्या विद्युतदाबाला, मॅग्नेशियम असताना की नसताना, हे ठरवणारे मात्र कमी आहेत, आणि वर सांगितलेला जवळजवळ प्रत्येक निकाल त्याच प्रश्नांवर फिरला आहे. प्रयोगाच्या द्रवात मॅग्नेशियम घातलं होतं का, हे शोधनिबंध वाचताना सर्वांत आधी पाहायची सवय लावून घ्या.

आणि काम कुठे आहे तेही सांगतो. ग्रिन नावाच्या जनुकांमध्ये, म्हणजे एनएमडीए रिसेप्टराच्याच जनुकांमध्ये, बदल घेऊन काही मुलं जन्माला येतात. झटके, उशिरा बोलणं किंवा न बोलणं, विकासात मागे राहणं. जनुकीय तपासणी आता आपल्या शहरांतूनही होते, त्यामुळे असे अहवाल हातात घेतलेले पालक विचारतात: मेमँटिन द्यायचं का? उत्तर जनुकाच्या नावावरून देता येत नाही. त्याच जनुकातला एक बदल रिसेप्टर जास्त वेळ उघडा ठेवतो, तिथे मेमँटिनला अर्थ आहे. २०१४ मध्ये अशा एका मुलाचे झटके त्याने कमी झाल्याचं प्रसिद्ध झालं. दुसरा बदल रिसेप्टर निकामी करतो, तिथे मेमँटिन नुकसान करू शकेल आणि एल-सेरीनसारखा उलटा मार्ग तपासावा लागेल. कोणता बदल कोणत्या बाजूचा, हे कळायला तो बदल बेडकाच्या अंडपेशीत किंवा संवर्धित पेशीत उतरवून प्रवाह मोजावा लागतो. असे शेकडो बदल नोंदवलेले आहेत, त्यातले अनेक अजून मोजलेले नाहीत, आणि मोजणाऱ्या प्रयोगशाळा जगात थोड्याच आहेत.